४२.३४ मीटरवरचा आवाज

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या विषयांत कापसाचा भाव आहे, पीकविमा आहे, थकलेली वीजबिले आहेत. त्यातच मध्ये 'रेडिओ' असे लिहिलेले पाहून दोघा-तिघांनी मला सकाळी विचारले, साहेब, आज गाणी ऐकवणार काय? गाणी नाहीत. आंदोलन पेटल्यावर एका तालुक्याने दुसऱ्या तालुक्याशी बोलायचे कसे, आणि बोलण्याची सोयच कोणी काढून घेतली तर काय करायचे, हा आजचा माझा विषय आहे.

२०२१ सालची गोष्ट आठवा. दिल्लीच्या वेशीवर पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशचे शेतकरी थंडीत बसले होते. २९ जानेवारीच्या रात्री ११ वाजल्यापासून सिंघू, गाझीपूर आणि टिकरी या तिन्ही ठिकाणचे इंटरनेट सरकारने दोन दिवसांसाठी बंद केले. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये शेतकरी पुन्हा दिल्लीकडे निघायच्या बेतात होते, तेव्हा ट्रॅक्टर हलण्याच्या आधीच हरियाणातल्या सात जिल्ह्यांत इंटरनेट बंद झाले. तुम्ही त्या आंदोलनाच्या मागण्यांशी सहमत असा वा नसा, मुद्दा वेगळा आहे. कार्यकर्त्याच्या खिशात बारा हजारांचा फोन असतो आणि त्याची कळ दुसऱ्याच्या हातात असते. पिठाची गिरणी तुमची, पण वीज वायरमनच्या मर्जीवर, तसला प्रकार.

आमच्याकडेही याचा अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी एका रास्ता रोकोच्या वेळी टॉवर बंद पडला. मुद्दाम पाडला की गर्दीने पडला, ते कळायला मार्ग नाही. अर्ध्या तासात आठ किलोमीटरवरच्या नाक्यावर बातमी गेली की इकडे गोळीबार झाला आणि दोन माणसे गेली. प्रत्यक्षात एक बैल बिथरून गाडी कलंडली होती आणि एका पोराचा पाय मुरगळला होता. तिकडच्या पोरांनी दगड हातात घेतले होते. एक म्हातारे पाटील मोटारसायकलवर मागे बसून स्वतः सांगायला गेले, म्हणून निभावले. आंदोलनात माणसे लाठीने जेवढी मरतात तेवढीच अफवेने मरू शकतात, हे मी त्या दिवशी पाहिले आणि या विषयाच्या मागे लागलो. कृषी पदवीच्या चार वर्षांत आम्हाला बोंडअळीचे सगळे जीवनचक्र पाठ करायला लावले होते. रेडिओची लहर किती लांब असते हे कोणी सांगितले नाही. ते चळवळीत आल्यावर शिकावे लागले.

आता मुख्य गोष्ट. ती मुंबईची आहे, १९४२ सालची आहे, आणि तिचा आपल्या विदर्भाशी संबंध आहे.

जसे हौशी नाटकवाले असतात तसे हौशी रेडिओवाले असतात. त्यांना 'हॅम' म्हणतात. दिवसभर नोकरी-धंदा करायचा आणि रात्री घरी स्वतः जोडलेल्या यंत्रावरून मुलुखभरच्या लोकांशी बोलायचे, हा त्यांचा छंद. पैसा मिळत नाही, मिळवायचाही नसतो, परवान्याची तशी अटच असते. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात असे परवानेवाले मोजकेच होते. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि सरकारने हुकूम काढला की सगळ्यांनी आपापली प्रक्षेपण यंत्रे जमा करावीत. यंत्रे जमा झाली. पण तार कशी ताणायची, कॉइल किती वेढ्यांचे घ्यायचे, हे ज्याला येते त्याच्या डोक्यातून ते कोण जमा करून घेणार?

८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींसह सगळे पुढारी पकडले गेले. वर्तमानपत्रांवर बंधने आली. देशात काय चालले आहे हे देशालाच कळेना. तेव्हा मुंबईत उषा मेहता नावाची बावीस वर्षांची विद्यार्थिनी आणि तिचे सोबती बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी यांनी ठरवले की आपण आपले रेडिओ केंद्र काढायचे. ठरवणे सोपे, पण यंत्र कोण बांधणार? त्यासाठी त्यांनी नरीमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याला गाठले. त्याने यंत्र उभे केले. शिकागो रेडिओ या कंपनीचे नानक मोटवाने यांच्याकडून सामानाची मदत झाली. काँग्रेसच्या अधिवेशनांना लाउडस्पीकर पुरवणारी तीच ही कंपनी.

ऑगस्ट संपता संपता हवेत आवाज उमटला. हिंदुस्थानात कुठून तरी, ४२.३४ मीटरवरून, काँग्रेस रेडिओ बोलत आहे! ठिकाण सांगायचे नाही, पण लहरीची लांबी मात्र नीट सांगायची, कारण ती कळल्याशिवाय ऐकणाऱ्याला काटा लावता येणार नाही.

हे ४२.३४ मीटर म्हणजे काय, ते थोडे समजून घेऊ. घाबरू नका, गणित सोपे आहे. विहिरीत खडा टाकला की लाटा उठतात. एका लाटेच्या माथ्यापासून दुसरीच्या माथ्यापर्यंतचे अंतर म्हणजे लहरीची लांबी. विहिरीत ती वीतभर असेल, इथे ती ४२ मीटर, म्हणजे साधारण १४० फूट. ही लहर हवेत सोडायला तार लागते ती निम्म्या लांबीची, सुमारे ७० फूट. दोन माड्यांच्या मध्ये ताणली तर कपडे वाळत घालायची तार वाटावी. हौशी लोकांचा जो ४० मीटरचा ठरलेला पट्टा आहे, त्यातच ही लहर बसते. म्हणजे हौशी माणसाच्या हाताला जे वळण होते, त्याच वळणाने हे केंद्र बांधले गेले.

या लांबीच्या लहरीचा एक गुण आहे. दिवसा वातावरणातला खालचा थर तिला बराच गिळून टाकतो. दिवस मावळला की तो थर विरून जातो आणि लहर वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर जाऊन खाली उतरते. हे केंद्र सुरुवातीला दिवसातून दोनदा, हिंदुस्थानीत आणि इंग्रजीत बोलत असे. पुढे ते फक्त संध्याकाळी साडेसात ते साडेआठ बोलू लागले. माणसे घरी आलेली आणि आकाश मोकळे झालेले, अशी ती वेळ.

बोलत काय होते? सरकार जे दाबत होते ते. चितगाववरचा बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियाची हकीकत. आणि आष्टी-चिमूर. वर्धा जिल्ह्यातले आष्टी आणि चांदा जिल्ह्यातले चिमूर. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. लोक उठले, गोळीबार झाला, ठाण्यांवर हल्ले झाले, आणि मग चिमुरात लष्कर घुसले. बायाबापड्यांवर जे अत्याचार झाले ते आजही तिथली म्हातारी माणसे खालच्या आवाजात सांगतात. ही बातमी छापायची सोय नव्हती. पुढे भन्साळी यांनी चिमूरच्या चौकशीसाठी उपोषण केले, त्या उपोषणाच्या बातमीवरसुद्धा सरकारने बंदी घातली. अशा वेळी आष्टी-चिमूरचे वर्णन या केंद्रावरून देशाने ऐकले. उषाताईंनी नंतर मुलाखतींत हे आवर्जून सांगितले आहे. कापसाच्या पट्ट्यातल्या दोन गावांचे दुःख गिरगाव-चौपाटीच्या एका खोलीतून आकाशात गेले.

बातम्या आणायला माणसे होती. निरनिराळ्या प्रांतांतून निरोपे येत आणि मुंबईतल्या भूमिगत काँग्रेस कचेरीतून मजकूर मिळे. डॉ. राममनोहर लोहिया या केंद्राच्या पाठीशी उभे राहिले. अच्युतराव पटवर्धनही त्यावरून बोलले. म्हणजे नुसती तार आणि दिवे असून भागत नाही, तारेच्या अलीकडे चांगला बातमीदार लागतो. आपल्याकडे हेच उलटे होते. प्रत्येकाकडे फोन आहे, पण खात्रीची बातमी देणारा तालुक्यात एक नाही.

पोलीस मागावर होतेच. रेडिओ बोलू लागला की तो कुठून बोलतो हे शोधता येते, ही त्याची उणी बाजू. रात्री लांब कुठे मोटर चालू असते. तुम्ही तुमच्या बांधावरून बोट दाखवता, आवाज त्या दिशेने येतो. मी माझ्या बांधावरून बोट दाखवतो. दोन्ही बोटांच्या रेघा जिथे एकमेकींना छेदतील तिथे मोटर. पोलिसांच्या गाड्यांवर फिरवता येणारी तारेची चौकट असते, ती हेच काम करते. म्हणून काँग्रेस रेडिओवाल्यांनी दोन युक्त्या केल्या. बोलणे एका जागी रेकॉर्डवर घ्यायचे आणि दुसऱ्याच जागेवरून ते सोडायचे. आणि जागा बदलत राहायची. चौपाटी, वाळकेश्वर, गिरगाव, असे बिऱ्हाड फिरत राहिले. सरकारने त्यांच्या लहरीवर खरखर सोडून आवाज बुडवण्याचाही प्रयत्न केला. सरकारी ऑल इंडिया रेडिओला ही मंडळी 'अँटी इंडिया रेडिओ' म्हणत, इतकी चीड होती.

सुमारे अडीच महिने हे चालले. १२ नोव्हेंबर १९४२ ला गिरगावातल्या पारेख वाडीत धाड पडली. दारे फोडून पोलीस आत आले तेव्हा 'वंदे मातरम्'ची रेकॉर्ड लागलेली होती. बंद करा म्हटले तरी उषाताईंनी ती बंद केली नाही. पूर्ण होईपर्यंत त्या आणि चंद्रकांत झवेरी सरळ उभे राहिले.

ती जागा पोलिसांना सापडली कशी? गाड्यांवरच्या चौकटींनी नाही. उषाताईंनी पुढे सांगितले की त्यांचा तंत्रज्ञच फितूर झाला. मला या सगळ्या प्रकरणात हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इतक्या मेहनतीने जागा बदलल्या, पण यंत्र समजणारी माणसे एक-दोनच. तो एक माणूस फुटला किंवा मोडला की सगळे संपले. मी त्या माणसाला इथे शिव्या देणार नाही. पोलीस कोठडीत काय होते हे आपल्यातल्या काहींना ठाऊक आहे. पण वीस जणांना ते यंत्र बांधता आले असते तर? विद्या एकाच्या खिशात ठेवली की संघटना त्याच्या खिशात जाते. हा प्रश्न गावच्या सोसायटीच्या सचिवापासून आमच्यासारख्या शिकलेल्या कार्यकर्त्यांपर्यंत सगळ्यांना लागू आहे.

खटला चालला. सहा महिन्यांच्या चौकशीत उषाताईंना परदेशी शिक्षणाचे आमिषही दाखवले गेले. त्या बोलल्या नाहीत. न्यायालयात त्यांनी आधी विचारून घेतले की उत्तर देणे मला बंधनकारक आहे काय? नाही म्हटल्यावर त्यांनी एकाही प्रश्नाला उत्तर दिले नाही. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षे, उषाताईंना चार, चंद्रकांत झवेरींना एक वर्ष शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने सुटले. उषाताई पुण्याला येरवड्यात होत्या, १९४६ मध्ये बाहेर आल्या, पुढे मुंबईत प्राध्यापक झाल्या आणि २००० साली वारल्या.

या अडीच महिन्यांनी इंग्रज गेले असे कोणी म्हणू नये. तेव्हा खेड्यात रेडिओ होतेच किती? पण एकाने ऐकायचे, चौघांना सांगायचे, कागदावर उतरवून पुढे द्यायचे, असे ते पसरले. रेडिओ आणि माणसाचे तोंड अशी जोडगोळी होती ती.

दुसरे उदाहरण पोलंड देशाचे, थोडक्यात सांगतो. तिथे १९८१ च्या डिसेंबरात लष्करी कायदा आला आणि 'सॉलिडॅरिटी' ही कामगार संघटना चिरडली गेली. टेलिफोन तोडले गेले. १२ एप्रिल १९८२ ला वॉर्सा शहरात संघटनेचा चोरटा रेडिओ बोलला, काही मिनिटेच. तो चालवणारे रोमाशेव्स्की नवरा-बायको होते. आधी बासरीवर एका जुन्या गाण्याची चाल वाजली. ते गाणे जर्मन ताब्याच्या काळातले आणि त्याच्या नावाचा अर्थ 'कुऱ्हाड, कुदळ'. लोकांनी चाल ओळखली. आता ऐकले कोणी, हे बोलणाऱ्याला कळणार कसे? त्यांनी सांगितले की ऐकत असाल तर घरातला दिवा उघडझाप करा. आणि इमारतीच्या इमारतींत दिवे लुकलुकले. मला हा प्रकार फार आवडतो. आपल्या सभेत आपण तास-तास बोलतो आणि पोहोचले काय, हे विचारतच नाही.

आता आपल्या कामाचे बोलू. इथे मला स्पष्ट सांगू द्या. यातून कोणी चोरटे केंद्र काढायची कल्पना घेऊन गेला तर तो माझे अर्धेच भाषण ऐकून गेला. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा इंग्रजांनी केला, स्वतंत्र भारताने तो जपून वापरला, आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवा दूरसंचार कायदा आणला. विनापरवाना प्रक्षेपण हा आजही गुन्हा आहे. हौशी रेडिओचा परवाना परीक्षा देऊन मिळतो, बारा वर्षांच्या पोरालाही मिळतो, पण त्यावरून राजकीय निरोप देता येत नाहीत, सांकेतिक भाषा वापरता येत नाही. आपण सत्याग्रही आहोत. कायदा मोडायचा तर उघड, सांगून मोडतो, रात्री लपून नाही. आणि परवानेवाल्या हौशी मंडळींचा विश्वास आपल्यामुळे जाऊ नये. किल्लारीच्या भूकंपात १९९३ साली हीच मंडळी यंत्रे घेऊन धावली होती. २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद नावाच्या बाईंनी हौशी रेडिओवरून बाहेरच्या जगाशी संपर्क ठेवला.

मग घ्यायचे काय? विद्या घ्यायची. प्रत्येक तालुक्यातून दोन मुले आणि दोन मुली, बारावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या, हौशी रेडिओच्या परीक्षेला बसवा. दुष्काळात, पुरात, वीज पडून माणसे जातात तेव्हा त्यांचा कायदेशीर उपयोग होईल. आंदोलनात त्यांचे यंत्र घरीच राहील, पण त्यांची सवय आपल्या कामी येईल. ही मंडळी निरोप कसा देतात बघा. वेळ सांगतात, ठिकाण सांगतात, स्वतः पाहिले की ऐकले ते सांगतात. ऐकणारा तोच निरोप उलट वाचून दाखवतो. मग वहीत नोंद होते. 'गोळीबार झाला' असा निरोप त्या रास्ता रोकोत कोणी उलट वाचून 'तू स्वतः पाहिलास का?' असे विचारले असते, तर पाटलांना मोटारसायकलवर जावे लागले नसते.

मोर्चाच्या जागेपुरते बोलायला ४४६ मेगाहर्ट्झच्या ठरलेल्या छोट्या पट्ट्यातले कमी शक्तीचे वॉकीटॉकी विनापरवाना वापरायला परवानगी आहे. मोकळ्या रानात एखाद-दोन किलोमीटर चालतात. घेताना नीट पाहून घ्या, बाजारात दुसऱ्या पट्ट्याचे बेकायदा मालही सर्रास विकले जातात. आणि लक्षात ठेवा, त्यावर बोललेले पोलीसही ऐकतात. ऐकू द्या. आपल्याकडे लपवायचे काही नाही, आपल्याला फक्त चुकीचे पसरू द्यायचे नाही.

शेवटचा एक विषय, त्याला वेळ लागेल. आपला स्वतःचा रेडिओ. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत, आपलेच मराठी माणूस. भांडण होते क्रिकेटचे सामने कोणी दाखवायचे याचे, पण त्यातून निघालेले वाक्य आपल्या उपयोगाचे. त्यानंतरही सामान्य माणसाला परवाना मिळायला दहा-बारा वर्षे गेली. तेलंगणात जहीराबादजवळ माचनूर नावाचे गाव आहे. आपल्यासारखाच कोरडवाहू मुलूख, ज्वारी-बाजरीचा. तिथे २००८ पासून दलित बायकांनी 'संघम रेडिओ' चालवला. त्यांतल्या बहुतेकींना शाळा माहीत नव्हती. यंत्र त्या चालवू लागल्या, बी कसे राखायचे ते बोलू लागल्या, पेरणीची गाणी लावू लागल्या. सरकारने त्यांना एकच गोष्ट दिली नाही, स्वतःच्या बातम्या देण्याचा अधिकार. भाव पडला हे गाण्यात सांगा, पण बातमी म्हणून सांगू नका! लहरी जनतेच्या, निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, आणि बातमी सरकारी. या अटीविरुद्ध आपण ठराव करावा असे मी सुचवतो. त्याचा मसुदा आणला आहे, दुपारच्या सत्रात वाचू.

तोपर्यंत तालुकाप्रमुखांनी दोन-दोन नावे माझ्याकडे द्यावीत. मुलींची नावे आधी. ज्यांच्या घरी शॉर्टवेव्हचा जुना रेडिओ माळ्यावर पडला आहे त्यांनी तो पुढच्या बैठकीला घेऊन यावा. बंद असला तरी चालेल, उघडून दुरुस्त करायलाच बसायचे आहे. सेल आणि सोल्डरिंगची कांडी मी आणतो.